सहावं इरलं

मृगाला पंधरा-वीस दिवस राहिले की लोणावळ्याच्या बाजारात दुकानांपुढं प्लास्टिकचे कागद टांगलेले दिसतात. निळे, पिवळे, काही पांढरे. मीटरवर कापून देतात. यंदाही टांगलेत, परवा दवाखान्यातून येताना बघितले. भात लावायला जाणाऱ्या बायका तो कागद डोक्यावरून घेतात, गळ्यापाशी गाठ मारतात, की झालं. आत घाम येतो, वाऱ्यानं फडफडतो, पण मला तो कागद आवडतो. तो कुणाच्या नावाचा नसतो. फाटला तर दुसरा आणता येतो.

माझ्या वयाच्या बायका म्हणतात, इरल्यातली ऊब कागदात नाही. खरं आहे. पण ऊब ऊब काय करायचं? इरल्यात आणखीही बरंच काही होतं.

आताच्या पोरांना इरलं म्हणजे काय ते सांगावं लागतं. कळकाच्या, म्हणजे बांबूच्या, बारीक कामट्यांच्या दोन जाळ्या विणायच्या, त्या दोन्हींच्या मधे पळसाची पानं माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक बसवायची आणि कडेनं वाकाच्या, म्हणजे घायपाताच्या धाग्याच्या, दोरीनं आवळून टाकायचं. आकार उलट्या होडीसारखा. वरचं टोक डोक्यावर टेकतं, बाकीचं पाठीवर पडतं आणि दोन्ही हात मोकळे राहतात. दिवसभर वाकून भात लावणारी बाई त्याच्या आत कोरडी राहते. लांबून बघितलं की खाचरात कासवं ओळीनं मागं मागं सरकताहेत असं वाटतं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आलं होतं. मी लोणावळ्याची. माझा बाप स्टेशनात पॉइंट्समन होता, आमच्या घरी काळी छत्री होती, आणि मी चौथीपर्यंत शाळेत गेले होते. सोळाव्या वर्षी औंढ्यात दिली. दोन कोसांवर दिली, पण तिथलं काहीच मला माहीत नव्हतं.

घरात आम्ही सहा माणसं. सासरे, त्यांना मी मामंजी म्हणायची. सासू, आत्याबाई. थोरला दीर आणि त्याची बायको सगुणा, तिला मी आक्का म्हणायची. माझा नवरा आणि मी. मुलं नव्हती. आक्काला दोन झाली होती, दोन्ही वर्षाच्या आत गेली. मी माघात गेले; त्या वैशाखात तिला पुन्हा चौथा महिना लागला होता.

मामंजी शेतकरीच, पण चार गावांत त्यांचं नाव होतं ते इरल्यांसाठी. त्यांचं इरलं दोन पावसाळे निघायचं. दुसऱ्या कुणी बांधलेलं भाद्रपदातच गळायला लागायचं. वैशाखात राब भाजून झाले की ते ओटीवर बसायचे. राब म्हणजे भाताचं रोप जिथं टाकायचं ती जमीन; तिच्यावर फांद्या, पाला, शेण पसरून जाळतात. त्या दिवसांत सगळ्या मावळावर धूर बसलेला असतो. लोहगड, विसापूर दिसत नाहीत, सूर्य तांब्याच्या पैशासारखा दिसतो, आणि घाटातून वर येणारी गाडी कितीतरी वेळ नुसती ऐकू येते. जिथं तिथं जळाल्याचा वास. त्या वासात मामंजी कळक फोडत बसलेले. कोयत्याचा एक घाव आणि मग नुसता हाताचा दाब. कळक आपल्या आपण उलगडत जायचा. कामटी इतकी पातळ काढायचे की बोटाभोवती गुंडाळली तरी मोडत नसे. त्यांच्या डाव्या अंगठ्याला नख नव्हतं. कधी गेलं विचारलं तर म्हणायचे, "इरल्यात गेलं. कुनाच्या तरी पाठीवर आसंल."

इरलं ज्याचं त्याच्या मापाचं. मामंजी माणसाला समोर उभं करून डोक्यापासून गुडघ्याच्या मागच्या खोबणीपर्यंत दोरी धरायचे आणि तिथं गाठ मारायचे. गुडघ्याच्या वर राहिलं तर ढुंगण भिजतं, खाली गेलं तर चालताना पोटऱ्यांवर आपटतं आणि माणूस चिखलात पडतो. माझं माप घेताना म्हणाले, "टेसनावर काय खायला घालत नव्हते व्हय गं? सगुनीपेक्षा वीतभर कमी हाय तू." आक्का उंच होती. दारातून जाताना तिला वाकावं लागायचं.

आक्का मशेरी लावायची. खाचरात उतरलं की पुरचुंडी ठेवायला जागा नसायची, कमरेला खोचली की भिजायची. ती मामंजींना म्हणाली, "मामंजी, माज्या इरल्यात आतनं एक कडं ठिवा दोरीचं. पुरचुंडी आडकवीन."

"इरलं हाय का वाण्याचं दुकान?"

"ठिवा की. कुनाला दिसतंय?"

मामंजींनी ठेवलं. आत, डाव्या खांद्यापाशी, करंगळी जाईल एवढं कडं. आणि म्हणाले, "पुढल्या साली फळी मागशील." आक्का पोट धरून हसली. तिचं हसणं मोठं होतं, शेजारच्या आळीत ऐकू जायचं.

बांधून झालेली इरली चुलीवर टांगायची. आढ्याखाली आडवी काठी होती, तिच्यावर ओळीनं. आठ-दहा दिवस धूर खाल्ला की पानं तांबूस होतात, चिवट होतात, कीड लागत नाही. आणि एक नियम होता, तो मला कुणी सांगितला नव्हता, कारण तिथं तो सगळ्यांना जन्मापासून माहीत असतो. इरली बांधताना मोजायची नाहीत. नावानं बांधायची: हे हिचं, हे त्याचं. टांगल्यावरही मोजायची नाहीत. मृगाच्या आधी एक दिवस ठरवून घरची थोरली बाई ती उतरवते आणि एकेकाला नाव घेऊन देते. तीच मोजणी. त्यात ज्याचं कमी पडेल त्याला पुढच्या सुगीचं भात मिळत नाही असं ते मानत. म्हणजे तो सुगीपर्यंत राहत नाही. आणि उतरल्यावर मागून नवं बांधलं तर ते मरण घरातल्या दुसऱ्या कुणावर जातं.

मी हे आज लिहिते आहे ते वाचून कुणी म्हणेल, अडाणी लोक. होते. पण कमी कधी पडतच नसे. मामंजींचा हात चुकत नव्हता, त्यामुळं तो नियम खरा की खोटा हे बघायची वेळच कुणावर आली नव्हती.

एक दिवस आत्याबाई लोणावळ्याच्या बाजाराला गेल्या होत्या. पुरुष बांधावर. आक्का ओढ्यावर धुणं घेऊन गेली होती. मी भाकऱ्या करत होते. विस्तव मंद झाला होता आणि मला घाई होती, म्हणून राबातून उरलेला वाळका टहाळ, पानांसकट फांद्या, कोपऱ्यात पडला होता तो मी मूठभर चुलीत घातला. त्या घरात मृगाआधी चुलीत टहाळ घालत नसत. का, ते मला दोन श्वासांत कळलं. जाळ चुलीतून बाहेर आला आणि सरळ वर गेला. काठीच्या टोकाला टांगलेलं शेवटचं इरलं खालून पेटलं.

ते माझं होतं. सगळ्यात लहान, सगळ्यात शेवटी टांगलेलं. माझ्या डोळ्यांदेखत मामंजींनी टांगलं होतं.

मी ते फुंकणीनं खाली ओढलं, घागरीतलं पाणी ओतलं. वर आढ्याला, गवताला काही लागलं नाही. अर्धं इरलं जळालं होतं, अर्धं होतं तसं. मी काय करायला हवं होतं? तसंच ठेवायचं, मार खायचा, शिव्या खायच्या, मामंजींनी दुसरं बांधलं असतं. उतरवायच्या दिवसाच्या आधी बांधायला काही आडकाठी नव्हती. पण मला त्या घरात येऊन चार महिने झाले होते आणि मी घर पेटवायला निघाले होते. आत्याबाई मला आधीच "टेसनवाली" म्हणायच्या. मला वाटलं, माघारी पाठवतील. मी ते उरलेलं अर्धं इरलं पायाखाली मोडलं आणि थोडं थोडं करून चुलीत घातलं. ओल्या कामट्या धुमसत जळाल्या. त्याच जाळावर मी राहिलेल्या भाकऱ्या भाजल्या.

जेवताना माझा नवरा म्हणाला, "भाकरीला वास कसला ग?"

मी म्हटलं, "लाकडं ओली होती."

सगळ्यांनी खाल्ल्या. आक्कानं दोन खाल्ल्या.

माझा विचार असा होता: जळालं ते माझंच. वाटायच्या दिवशी मला नाही मिळालं तर मी गप्प बसेन, गोणपाट घेईन. कुणाचं काय जातं? मोजणीचं मला ठाऊक नव्हतं, हे खरं. पण ते फक्त इरली उतरेपर्यंत खरं.

इरली उतरायच्या दिवशी सकाळी सगळे घरात उभे होते. आत्याबाईंनी हळद-कुंकू वाहिलं आणि म्हणाल्या, "नवी सून पैली." मला हेही माहीत नव्हतं. पहिल्या पावसाळ्याला नव्या सुनेला आधी देतात. त्यांनी काठीच्या टोकाचं, हाताला आलं ते इरलं काढलं आणि माझ्या डोक्यावर ठेवलं. ते माझ्या पोटऱ्यांना लागलं.

माझ्यासमोर आक्का उभी होती. तिनं इरल्याकडं बघितलं. तिचा हात पुढं आला, अर्ध्यावर आला, आणि मग तिनं तो मागं घेऊन पदरात घातला. मी बघितलं ते.

मग नावं. मामंजी, आत्याबाई, दीर, माझा नवरा. एकेक इरलं उतरलं. आत्याबाई म्हणाल्या, "सगुना," आणि हात वर केला. काठी रिकामी होती.

आत्याबाईंनी काठी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपली.

"कुटं हाय?" आत्याबाई मामंजींना म्हणाल्या.

"आसंल की. सा बांधली व्हती मी."

"मग सावं उडून गेलं?"

"बांधली व्हती गं. सगुनीचं आदी बांधलं. कडं ठिवलं त्यात."

"मोजलीवती?"

"बांधताना कोन मोजतं?" मामंजी बोटांकडं बघायला लागले. अंगठा एकेका पेरावर नेत होते, ओठ हलत होते. पाचावर आले की पुन्हा पहिल्यापासून.

दीर हळूच म्हणाला, "आबा, औंदा तुमी त्या वाडीवाल्याचं नाव सारकं इसरत व्हता."

मामंजींचा अंगठा थांबला. मग म्हणाले, "मिरग लागायचाय आजून. बसतो आन बांदतो."

"आता?" आत्याबाईंचा आवाज चिरकला. "उतरल्यावर? ते कुनावर जाईल? थोरल्यावर का धाकल्यावर? का ह्या पोरीवर?"

त्यांनी माझ्याकडं बोट केलं. त्या बोटाकडं बघताना मला नियम कळला. सगळा, एका दमात कळला. तोंड उघडून चार शब्द बोलायचे होते: माझं होतं, मी जाळलं. पण आता ते बोलले तर घर पेटवणं, लपवणं आणि वर हे मरण, सगळं माझ्यावर येणार होतं. आक्कावर गेलं, माझ्यावर आलं नाही, याचं मला बरं वाटलं. हे लिहायला मला पन्नास वर्षं लागली, पण तेव्हा बरंच वाटलं होतं. छातीवरचा दगड उतरावा तसं.

आक्का म्हणाली, "जाऊ द्या. गोनपाट हाय मला." आणि भांडी घेऊन बाहेर गेली.

त्यानंतरचे दिवस मला आवाजांशिवाय आठवतात. आक्का हसायची बंद झाली होती म्हणून असेल. घरात कुणी तिला वाईट बोललं नाही. उलट सगळे हळू बोलायला लागले. आत्याबाईंनी तिच्या पोटासाठी नाचणी आणि गूळ वेगळा काढून ठेवला होता. एक दिवस बघते तर तो गूळ पुन्हा घरच्या डब्यात आला होता. दीर गोठ्यात झोपायला लागला. शेजारच्या बायका पाण्याला जाताना तिच्या पुढं नाहीतर मागं चालायच्या, बरोबरीनं नाही. आत्याबाई दुष्ट नव्हत्या. मी त्यांना चुलीपाशी तोंडात पदर कोंबून रडताना बघितलंय. त्यांनी मनानं सुनेचं दहावं-तेरावं करून टाकलं होतं, एवढंच.

आणि आक्का मला घर सांगायला लागली. तांबडी गाय पाठीमागून गेलं की लाथ मारते. मिठाचं मडकं पावसाळ्यात चुलीच्या उजव्या बाजूला ठेव, डावीकडं पाझर येतो. माझी जोडवी मातीच्या बोळक्यात आहेत. मी मान हलवायची. ती सांगत होती ते सगळं पुढं मला उपयोगी पडलं.

भात लावायला उतरलो. धुकं इतकं की बांधापलीकडचं माणूस दिसत नसे. मी त्या इरल्यात होते. पहिल्याच दिवशी डोक्यावरून सरकलं म्हणून आत हात घातला तर बोट कड्यात गेलं. डाव्या खांद्यापाशी. त्यानंतर महिनाभर ते कडं माझ्या खांद्याला लागत होतं. वाकलं की लागायचं, उठलं की सुटायचं. पाठीमागं इरल्याची कड पोटऱ्यांवर आपटायची. पानांवर पावसाचा आवाज आतून असा येतो की कुणीतरी कानाशी सारखं काहीतरी पुटपुटतंय, आणि आपण सोडून कुणालाच ते ऐकू जात नाही. माझ्या शेजारी, दोन हातांवर, आक्का गोणपाटाची खोळ घेऊन वाकलेली. गोणपाट तासाभरात पाणी पितं आणि मग मानेवर ओल्या जनावरासारखं बसतं. ती एकदाही माझ्या इरल्याकडं बघत नव्हती.

मामंजी बघत होते. रोपाच्या मुठी फेकताना ते थांबले आणि माझ्या पायांकडं बघत राहिले.

"लांब झालं तुला."

"जरा," मी म्हटलं.

"दोरी धरून बांधलंय मी." ते स्वतःशीच बोलले. "गाठ मारलीवती." मग पुढं गेले. संध्याकाळी त्यांनी कोयता पुसून आढ्यात खोचला. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही.

श्रावण लागायच्या आत आक्काला ताप भरला. त्या साली ताप बऱ्याच जणांना आला आणि बरेच जण उठले. लोणावळ्यात डॉक्टर होता. माझ्या बापाच्या ओळखीचा होता, निरोप गेला असता तर आला असता. मी नवऱ्याला म्हटलंही. तो आईकडं गेला. आत्याबाई म्हणाल्या, "त्याला कशाला येवड्या चिखलातनं आनायचा? आपल्याला ठावं हाय न्हवं?" काढा दिला. अंगारा लावला. टाकव्याहून तिचा भाऊ आला, पायरीवर बसून राहिला आणि गेला.

एका दुपारी मी तिच्यापाशी बसले होते. घरात दुसरं कुणी नव्हतं. तिनं डोळे उघडले.

"कडं गावलं का तुला?"

"गावलं."

"मशेरी न्हाई लावत तू. दुसरं कायतरी ठिव त्यात. मोकळं ठिवू न्हाई."

"आक्का, ते तुमचं इरलं आहे."

"मला काय ठावं न्हाई? तुज्या डोक्यावर ठिवलं तवाच वळकलं." ती थोडी थांबली, दम लागला होता. "बोलले असते तर तुज्यावर गेलं असतं. सोळा वर्साची तू. आजून काय बगितलंय? मी दोन पोरं पुरलीत. आता हे तिसरं संगं घेऊन जाईन, त्याला येकटं तरी जावं न्हाई लागनार."

ती मला वाचवत होती. तिचा त्या मोजणीवर पुरता विश्वास होता, आणि विश्वास ठेवून तिनं ती माझ्यावरून स्वतःवर घेतली होती. आणि ती मोजणी खोटी आहे हे सगळ्या औंढ्यात एकट्या मला माहीत होतं. सहा बांधली होती. सहावं मी भाकऱ्यांखाली जाळलं होतं. एवढं सांगितलं असतं तर ती उठून बसली असती की नाही, मला माहीत नाही. ताप तापच असतो. पण डॉक्टर आला असता.

"आक्का," मी म्हटलं.

"काय गं?"

"पाणी देऊ?"

तिनं मान हलवली. मी पाणी दिलं.

पुढं पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले की शेवटच्या वेळी तिला का दुखवायचं, म्हणून मी बोलले नाही. ते खोटं आहे. मी घाबरले होते. पाचव्या दिवशी ती गेली. बायका म्हणाल्या, इरलं बोललं. त्या साली भात चांगलं आलं आणि नव्या भाताचा पहिला घास मी खाल्ला.

पुढल्या वैशाखात लोक ओटीवर आले, दरवर्षीसारखे. मामंजी म्हणाले, "हात गेला माजा." कुणी आग्रह केला तर हात पुढं करून दाखवायचे, जणू त्यांच्यावर काही लिहिलं आहे. आम्ही इरली डोंगरातल्या ठाकरवाडीवरून घ्यायला लागलो. ती बरी असायची. मामंजी शेत करायचे, बैल बघायचे, पण कळकाला हात लावला नाही. घरात काठी तशीच होती, तिच्यावर मी कांद्याच्या माळा टांगायचे.

वलवणच्या बाजूला बंगले आहेत, तिथल्या एक बाई मागच्या महिन्यात आमच्याकडं आल्या होत्या. भिंतीवर लावायला जुनं इरलं हवं होतं. माझ्या सुनेनं माळ्यावरून सांगाडा काढून दाखवला. पानं केव्हाच गळून गेलीत, पण जाळी धड आहे, धुरानं काळी कुळकुळीत. बाईंनी हात फिरवला. म्हणाल्या, "किती प्रेमानं केलंय हो! हल्ली असं कुणी करत नाही." मी म्हटलं, "न्यायचं तर न्या, पण प्रेमानं केलेलं नाही." त्यांना ते विचित्र वाटलं असावं. नेलं नाही.

ते आक्काचं इरलं नव्हे. आक्काचं मी त्याच सुगीत जाळलं. माझा हात बसला होता. हे दुसरं. सगळं सांगितलंच आहे तर हेही सांगते.

आक्का जाऊन सहा-सात वर्षं झाली होती. लढाईचे दिवस, घाटातून पलटणींच्या गाड्या जात होत्या. आत्याबाई वारल्या होत्या. मामंजी पडवीत पडून असायचे, कंबर गेली होती. वैशाख होता, राब जळत होते, अंगणात धूर. मी त्यांना पेज भरवत होते. दोन घास घेतले आणि तोंड फिरवलं.

"पोरी, सगुना माज्या हातानं गेली."

मी म्हटलं, "असं काय बोलता?"

"येक बांदायचं इसरलो मी. आन तुजं माप चुकलं. डोकंबी गेलं, हातबी गेला, आन त्यात ती गेली. वर गेल्यावर काय सांगू तिला?"

वाटी माझ्या हातात होती. तेव्हा बोलले. धीर आला म्हणून नाही; त्यांच्या तोंडून ते ऐकवेना म्हणून. टहाळ घातला इथून सांगायला सुरुवात केली आणि पाणी देऊ विचारलं तिथं थांबले. ते आढ्याकडं बघत होते. मला वाटलं, ऐकू गेलं नाही.

मग म्हणाले, "कुनाचं जळालं?"

"माझं."

"मंजी तुज्या अंगावर सगुनीचं व्हतं."

"व्हय."

"म्हनून लांब झालं." त्यांनी डोळे मिटले. "आत हात घालून बगायचं सुचलं न्हाई मला. कडं गावलं असतं. लांब बगितलं, आन आपलाच हात चुकला म्हनलं." मग अंगठा बोटांवर फिरायला लागला, नख नसलेला, आणि ते मोठ्यानं मोजायला लागले. जे कधी मोजायचं नसतं ते. "माजं. हिचं. थोरल्याचं. सगुनीचं. धाकल्याचं. तुजं." सहाव्यावर अंगठा दाबून धरला. "सा बांदली व्हती."

मला शिवी दिली नाही. माझ्याकडं बघितलंही नाही. मी शिवीची वाट बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "कोयता दे. आन त्याला म्हनावं, दोन कळक आन."

माझ्या नवऱ्याला वाटलं म्हाताऱ्याला भ्रम झाला. पण कळक आणले. मामंजींनी मला हाक मारली. "हिकडं ये. पाट कर माज्याकडं."

मी पाठ करून उभी राहिले. त्यांना उठवून भिंतीला टेकवून बसवलं होतं. हातात कोयता होता. माझ्या डोक्यावर दोरीचं टोक त्यांनी मलाच धरायला सांगितलं आणि दुसरं टोक गुडघ्याच्या मागं ओढून गाठ मारली. त्यांची बोटं थंड होती. गाठ मारायला इतका वेळ का लागतो, हे मी मनात म्हणत होते, आणि मागं वळायची माझी हिंमत नव्हती.

अकरा दिवस बांधत होते. थरथरणाऱ्या हातानं कामटी काढायला लागले की थरथर थांबायची. तेवढ्यासाठीच देवानं त्यांचे हात ठेवले होते असं वाटायचं. पळसाची पानं मीच आणून दिली. चुलीवर टांगलं, धूर दिला. त्या आठ दिवसांत मी चुलीत एक काटकी बघितल्याशिवाय घातली नाही.

मग त्यांनी ते उतरवायला सांगितलं. "आन हिकडं. आन खाली बस."

मी बसले. त्यांनी दोन्ही हातांनी इरलं माझ्या डोक्यावर टेकवलं. "उट."

मी उठले. ते खाली वाकून बघत राहिले. कड गुडघ्याच्या खोबणीशी आली होती, बरोबर. बोटभर वर नाही, बोटभर खाली नाही.

"बसलं," ते म्हणाले. "आता सा झाली."

मी इरलं नीट करायला आत हात घातला. मी मशेरी लावत नव्हते, आणि मी काही मागितलं नव्हतं. तरी डाव्या खांद्यापाशी कडं होतं.